मदत हवी आहे: ९८००एक्स३डी प्रोसेसरसाठी मदरबोर्ड एक्स८७० की बी८५०?

प्रश्नकर्ता: रायझन ७ ९८००एक्स३डी, आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम स्टिक नक्की झाल्यात. एसएसडी तीन: एक जेन ५ (पीसीआयई जोडणीची पाचवी पिढी), दोन जेन ४. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदार म्हणतात, "एक्स८७० नवा चिपसेट, गेम जोरात पळतील." खरंय का? की स्वस्तात पडून असलेला जुना बी६५० उचलू?

लेनमास्तर: एक फ्रेमही वाढणार नाही. बी६५०, बी८५०, एक्स८७० या तिन्हींवर चिपसेट म्हणून, म्हणजे बोर्डावरच्या बाकीच्या जोडण्या सांभाळायला, प्रोमोंटरी २१ हीच चिप असते. एक्स८७०ई वर तशा दोन. एक्स८७० चे जादा पैसे मुख्यतः सक्तीच्या यूएसबी४ या वेगवान पोर्टचे.

आणि तिथेच मेख आहे. प्रोसेसरकडून वापरायला २४ लेन (डेटाच्या वाटा) मिळतात: १६ ग्राफिक्सला, ४ पहिल्या एम.टू ला (एसएसडीच्या स्लॉटला), उरल्या ४. एक्स८७० वर त्या उरलेल्या ४ सहसा यूएसबी४ खातो. मग दुसऱ्या एम.टू मध्ये एसएसडी बसवली की काही बोर्डांवर यूएसबी४ अर्धा होतो, काहींवर ग्राफिक्स कार्ड १६ वरून ८ लेनवर येतं. बी८५० वर त्याच ४ लेन बहुतेकदा सरळ दुसऱ्या एसएसडीला जातात. तुमच्या तीन एसएसडींना तोच बरा. मात्र मॅन्युअलमधलं लेन शेअरिंगचं पान वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, खोक्यावर हे छापत नाहीत.

प्रश्नकर्ता: पण बी८५० च्या काही बोर्डांवर ग्राफिक्सचा स्लॉट जेन ४ च दिसतोय. ५०७० टीआय अडेल?

लेनमास्तर: १६ लेन पूर्ण असतील तर गेममध्ये जाणवणार नाही. जोडणी झाल्यावर जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये बस इंटरफेस बघा, पण शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू ठेवून. कार्ड निवांत असताना तिथे पीसीआयई १.१ दिसतं आणि लोक उगाच बोर्ड परत करायला धावतात.

बायॉसबुवा: बी६५० चा जुना स्टॉक घ्याल तर बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) बोर्ड न उठवताच बदलणारं फ्लॅशबॅकचं बटण आहे ना ते आधी बघा. ९८००एक्स३डी नोव्हेंबर २०२४ चा. त्याआधीच्या बायॉसवर बोर्ड उठेलच असं नाही. ३२ जीबी किंवा लहान पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, त्यावर टाकलेल्या नव्या बायॉसच्या फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलंच नाव द्या, एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) २४ पिन आणि ८ पिन जोडा, खूण केलेल्या पोर्टात पेनड्राइव्ह लावून बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्यांदा चालू केल्यावर डीरॅमचा दिवा पेटून स्क्रीन काही मिनिटं काळी राहील. ते मेमरी ट्रेनिंग, बंद करू नका. मग बायॉसमध्ये एक्सपो (रॅम तिच्या खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. रॅम ६००० वेगाची, सीएल३० (प्रतिसादाच्या विलंबाचा आकडा) असली तरी पुरे. पुढे आणखी दोन स्टिक वाढवायचा मोह नको, चार स्टिकवर अधिकृत वेग ३६०० वर येतो.

प्रश्नकर्ता: बी८४० त्याहून स्वस्त दिसतोय, तो?

लेनमास्तर: नाव शेजारचं, जात ए६२० या साध्या, स्वस्त चिपसेटची. प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग नाही. सोडा तो.