एक्सचेंजचं अनुदान: सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांनी आधी कुणाला पाठवावं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेतल्या क्रेडिट मोबिलिटीत (थोड्या काळासाठी तिकडे जायचं, तिथले क्रेडिट इथल्या पदवीत धरायचे) आपलं कॉलेज स्वतः अर्ज करू शकत नाही. अर्ज युरोपातलं विद्यापीठ करतं, आपण आंतरसंस्था करारावर सही करतो. त्यामुळे विद्यार्थी किती आणि प्राध्यापक किती हे आपल्याला करार लिहितानाच मांडावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी फक्त प्राध्यापक पाठवा.

कारण क्रेडिट. तिकडे एका सत्राचे 30 ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) असतात, आपल्या नव्या क्रेडिट आराखड्यात वर्षाचे 40, म्हणजे सत्राचे 20. सत्रास सत्र धरलं तर 30 चे 20 होतात. तासांनी मोजलं तर एक ईसीटीएस 25 ते 30 तासांचा आणि आपलं एक क्रेडिट 30 तासांचं, मग तेच 30 ईसीटीएस 25 ते 30 क्रेडिट भरतात. कोणता हिशोब धरायचा हे आधी ठरलं नसेल तर मुलगा परत आल्यावर त्याच्या गुणपत्रिकेचं काय करायचं हे परीक्षा विभागाला सांगता येत नाही. नुकसान मुलाचं होतं. तिथे जाऊन विषयवार जुळणी करून आलेला प्राध्यापक कॉलेजात असेल तर पुढच्या प्रत्येक तुकडीचं काम सोपं होतं.

अजिंक्यतारा
असहमत. विषयांची जुळणी साताऱ्यात बसून ईमेलवर होते, त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. प्राध्यापकाचा दौरा कमीत कमी 5 दिवसांचा आणि त्यात आठवड्याला किमान 8 तास शिकवणं बंधनकारक. उरलेल्या वेळात किती अभ्यासक्रम तपासून होणार?

शिवाय जाणार कोण? कायम नेमणुकीवरचेच. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्याची नेमणूक तात्पुरती असते, त्याला कर्तव्यरजा कुठून मिळणार? म्हणजे ज्यांची नोकरी पक्की त्यांनाच ही संधी.

विद्यार्थ्याला मात्र यजमान विद्यापीठाची फी माफ, महिन्याचा निर्वाह खर्च आणि अंतरानुसार प्रवासखर्च मिळतो. माण, खटाव किंवा जतच्या मुलाला कर्ज न काढता परदेशात एक सत्र शिकायचं तर याहून चांगली वाट मला दिसत नाही. कर्मवीरांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हाही गरीब मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय आधी पाहिली होती. तोच क्रम इथेही हवा.

कृष्णाकाठ
सीएचबीचा मुद्दा रास्त आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण वेळापत्रक बघा. जर्मनीत हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरात सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात. सातव्या सत्रात मुलगा गेला तर जुलै ते सप्टेंबर इथे अर्धवट, आणि परत येईपर्यंत आठवं सत्र सुरू झालेलं. अंतर्गत गुण बुडतात, कॅम्पस मुलाखती हुकतात. त्यापेक्षा सहावं सत्र पूर्ण तिकडे करावं: मार्चअखेर निघायचं, एप्रिल ते जुलै तास आणि परीक्षा. हे करारात लिहून घेण्यासाठी तिकडची पद्धत जाणणारा माणूस हवा.

आणि संलग्न कॉलेजांचं काय? अभ्यासक्रम शिवाजी विद्यापीठाचा, मग समकक्षता अभ्यासमंडळाकडून घ्यावी लागते. स्वायत्त कॉलेजांना ते घरच्या घरी जमतं. कॉलेज संलग्न असेल तर लर्निंग ॲग्रीमेंटवर (तिकडे कोणते विषय घ्यायचे आणि इथे ते कसे धरायचे याचा करार) विद्यार्थी, आपण आणि यजमान अशा तिन्ही सह्या होण्याआधी कोल्हापूरची मंजुरी हातात पाहिजे.

हळदपेठ
दोघेही पैशाच्या वेळेकडे दुर्लक्ष करताय. बहुतेक मुलं तिथेच अडकतात. अनुदान मंजूर झालं म्हणजे पैसे खात्यात आले असं नाही. पासपोर्टचे 1500 रुपये, व्हिसाची फी, विमा, पुण्या-मुंबईच्या फेऱ्या, वसतिगृहाची अनामत हे सगळं बहुधा पहिला हप्ता येण्याआधी खिशातून जातं. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर 2024 पासून महिना 992 युरोची सोय दाखवावी लागते. अनुदानाचा आकडा त्याहून कमी असेल तर फरक कुटुंबाने दाखवायचा. द्राक्षबाग अवकाळीत गेलेल्या घराने तो कसा दाखवावा?

म्हणून विद्यार्थी आधी पाठवायचे असतील तर कॉलेजने फिरता निधी काढावा. मुलाला उचल द्यायची, हप्ता आला की परत घ्यायची. या प्रकल्पात प्रत्येक सहभागीमागे 500 युरो संस्थात्मक खर्चासाठी मिळतात. ते युरोपीय विद्यापीठाच्या खात्यात येतात, पण वाटणी कराराने ठरवता येते. आपण न मागितल्यास सगळे तिकडेच राहतात. यातला अर्धा वाटा मागा आणि निधीत टाका.

वेण्णा
मला प्रश्नच चुकीचा वाटतो. पाच दिवसांचे दौरे आणि एक सत्र सोडून दीर्घ अनुदानांकडे बघा. अमेरिकेत संशोधनासाठी मिळणारी फुलब्राइट-नेहरूची पीएचडीसाठीची फेलोशिप 6 ते 9 महिन्यांची आहे. भारतात पीएचडीला नोंदणी झालेल्याने यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र मिळवायचं. आपल्या तरुण प्राध्यापकांपैकी अनेकजण नोकरी करता करता पीएचडी करतात, त्यांच्यासाठीच ती आहे. संशोधनाची भर इथे टिकते, कारण जे-1 या एक्सचेंज व्हिसावर गेलेल्या फुलब्राइटरला मायदेशी दोन वर्षं राहिल्याशिवाय नोकरीसाठी लागणारा अमेरिकेचा एच किंवा एल व्हिसा मिळत नाही. अडचण रजेची. अनुदानित कॉलेजात संस्थेचं ना हरकत पत्र आणि कोल्हापूरच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातली कागदपत्रं निवडीनंतर सुरू केली तर प्रवासाची तारीख निघून जाते. अर्ज भरतानाच प्रस्ताव टाका.

अजिंक्यतारा
वेण्णा, सहा महिने प्राध्यापक गेला तर त्याचे तास घेणार कोण? पुन्हा सीएचबीच.

हळदपेठांची उचल मला मान्य. तीन सहभागी धरले तर निम्म्या वाट्याचे 750 युरो होतात. एका मुलाची व्हिसा-विम्याची उचल त्यात भागेल. करारात तीनच जागा मिळत असतील तर दोन विद्यार्थ्यांच्या आणि एक प्राध्यापकाची ठेवा. प्राध्यापक अभ्यासमंडळावरचा असावा, ज्येष्ठतेने निवडलेला नको.

कृष्णाकाठ
तिन्ही जागांची वाटणी मान्य. क्रम मान्य नाही. प्रकल्प 24 किंवा 36 महिन्यांचा असतो, 36 चा मागा. पहिल्या हिवाळी सत्रात प्राध्यापक जाऊ दे, 20 की 30 हा हिशोब लेखी ठरू दे, मुलं त्यानंतरच्या वर्षी एप्रिलमध्ये.

अजिंक्यतारा
म्हणजे आत्ता तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांची संधी गेली. ते मला मान्य नाही.