जुळ्या भावंडांना ताकदीचा एकच व्यायाम चालेल का? तातडीने मदत हवी आहे

माझा मुलगा आणि मुलगी जुळी असून दोघेही एकाच प्रशिक्षकांकडे ताकदीचे व्यायाम करतात. पूर्वी दोघे बरोबरीने वजन उचलत. वर्षभरात मुलगा झपाट्याने पुढे गेला आणि मुलगी हिरमुसली आहे. तिचा व्यायाम वेगळा करावा का? स्पर्धा तोंडावर आहे, कृपया नेमके सांगावे.

चपळपाय : वय, खेळ आणि मुलीची पाळी नियमित आहे का, हे कळल्याशिवाय नेमके काय सांगणार?

धागाकर्ती : वय १४, खेळ बास्केटबॉल. बाकीच्याचा इथे काय संबंध?

चपळपाय : संबंध आहे. मुलींची उंची साधारण १२व्या वर्षी आणि मुलांची १४व्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते. त्यानंतर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे मुलांचे स्नायू भरतात, म्हणून खांदे आणि दंड यांच्या ताकदीत मोठा फरक पडतो, पायांच्या ताकदीत त्या मानाने कमी. मात्र स्वतःच्या मूळ ताकदीच्या टक्केवारीत पाहिले, तर नियमित सरावाने मुलींचीही प्रगती जवळपास तेवढीच होते. व्यायाम तेच ठेवावेत, वजन मात्र ज्याचे त्याने आपल्या कुवतीनुसार वाढवावे.

जुना आखाडा : या वयात मुलीने वजनांना हातच लावू नये, उंची खुंटते. दोरीच्या उड्या आणि जोर पुरेसे आहेत. माझ्या काळी आम्ही एवढ्यावरच तयार झालो.

गुडघारक्षक : आपल्या अनुभवाचा आदर आहे, परंतु देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या वजनांच्या व्यायामाने उंची खुंटते याला पुरावा नाही. दुखापती होतात त्या बहुधा चुकीच्या पद्धतीने किंवा ईर्ष्येने जादा वजन उचलल्याने, आणि तो धोका इथे मुलालाच अधिक दिसतो. मुलीच्या बाबतीत मला गुडघ्याची चिंता वाटते. उडी मारणे आणि झटकन दिशा बदलणे असलेल्या खेळांत मुलींचा एसीएल हा गुडघ्यातील अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. उडीवरून उतरताना तिचे गुडघे आत वळतात का, हे पाहावे. मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि गुडघे पावलांच्या रेषेत ठेवून हलकेच उतरण्याचा सराव आठवड्यातून दोनतीन वेळा ठेवावा.

नवखा पालक : मुलाला प्रोटीन पावडर कोणती द्यावी?

गुडघारक्षक : पुरेसे जेवण असेल, तर तिची गरज नाही. कृपया त्यासाठी वेगळा धागा काढावा.

धागाकर्ती : गुडघे आत वळतात, हे आजच पाहिले. पाळी दोन वर्षांपूर्वी सुरू होऊन नियमित झाली होती, पण गेले काही महिने आलेली नाही. सरावामुळे असे होतेच, असे सगळे म्हणतात. ती जेवतेही कमी.

चपळपाय : हे आधी सांगायला हवे होते. सरावाच्या मानाने आहार अपुरा पडला की पाळी थांबू शकते, आणि मग हाडे कमकुवत होतात, ताकदही वाढत नाही. इतर कारणेही असू शकतात. त्यामुळे स्पर्धेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे, प्रशिक्षकांना कळवावे आणि तोवर ती व्यायामात उचलते ते वजन वाढवू नये.

धागाकर्ती : उद्याच डॉक्टरांची वेळ घेते. तिला भावाइतके वजन उचलण्याचा आग्रह करू नये, हेही प्रशिक्षकांशी बोलते.