'व्हिसलब्लोअर'ला 'जागल्या' चालेल का?

शाईदौत: कारखान्याच्या सूचनाफलकासाठी 'व्हिसलब्लोअर पॉलिसी'चा, म्हणजे आतला गैरप्रकार कळवणाऱ्यांसाठीच्या धोरणाचा, मराठी मसुदा चालू आहे. वर्तमानपत्रांत रुळलेला 'जागल्या' घेतला, तर व्यवस्थापनाचा शेरा आला: 'वॉचमन वाटतो, तक्रारदार करा.' पण तक्रारदाराचं स्वतःचं काहीतरी अडलेलं असतं, पगार, रजा, बढती. इथे सांगणाऱ्याचं काहीच गेलेलं नसतं. दुसरा शब्द आहे का?

कोरडवाहू: 'जागल्या' गावकीतला. रात्री गस्त घालायची, चोरी झाली तर पुढच्या गावच्या शिवेपर्यंत माग काढायचा, माग लागला नाही तर भरपाई त्याच्याच बोकांडी. पण राखण गावानेच सोपवलेली होती, त्यामुळे त्याने हाक दिली की गाव उठायचं. कंपनीत चोर घरातला असतो आणि ओरडायचं काम त्याला कुणी दिलेलं नसतं. हाक दिली की लोक त्याच्यापासूनच लांब सरकतात. शब्द खोटं आश्वासन देतो.

पाणवठा: शिवाय ते काम रामोशी, कोळी, महार यांच्यावर वतन म्हणून लादलेलं होतं. मुंबई राज्याने १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतनं संपवली. ज्याला नाही म्हणता येत नव्हतं त्याचं नाव स्वेच्छेने बोलणाऱ्याला देणं मला खटकतं.

नागमोडी: दोघांचंही मान्य. तरी त्यातला धातू सोडू नका. 'खाल्ल्या मिठाला जागणे' आणि रात्रभर जागणे, क्रियापद एकच. या माणसाच्या मनातली ओढाताणही नेमकी हीच आहे. वेट्झ, डंगन आणि यंग या मानसशास्त्रज्ञांच्या २०१३च्या अभ्यासात काहींना न्याय्य वागण्याच्या महत्त्वावर लिहायला सांगितलं, काहींना निष्ठेच्या. न्यायावर लिहिणारे गैरप्रकार कळवायला जास्त तयार झाले. म्हणून मसुद्यात 'कंपनी हे एक कुटुंब' असं वर छापून खाली 'गैरप्रकार कळवा' लिहू नका. कुटुंब म्हटलं की घरचं चव्हाट्यावर आणू नये हा संस्कार आधी जागा होतो, आणि मग 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण तयारच असते.

शाईदौत: ते वाक्य मसुद्यात पहिलंच आहे. काढायला सांगते.

टाचणी: 'तक्रारदार' मात्र अजिबात नको. बहुतेक लोक आधी आतच सांगतात, आपल्या साहेबाला. मग मुद्दा बाजूला पडतो आणि माणसावर बोट जातं: 'याची बढती अडली होती ना?' 'तक्रारदार' छापलंत की हा संशय कंपनीने स्वतःच पुरवला. त्यानंतरचा सूडही क्वचितच उघड असतो. कामाचा अहवाल घसरतो, पाळी बदलते, बैठकीचा निरोप येत नाही, डब्याला कुणी शेजारी बसत नाही. यातलं एकेक कागदावर किरकोळ दिसतं, म्हणून सिद्ध करता येत नाही. मसुद्यात 'सूड घेतला जाणार नाही' एवढं मोघम न लिहिता हे प्रकार नावानिशी लिहा.

देवनागर: स्वच्छ मराठी शब्द असताना गावकीत कशाला शिरायचं? 'गैरप्रकार-प्रकटक' घ्या.

कोरडवाहू: ते कामगार उच्चारणार आहेत का? त्यापेक्षा 'व्हिसलब्लोअर' बरा. फक्त शिट्टी मराठीत आणू नका, आपल्याकडे शिट्टी मारणारा वेगळा. डचांनी शिट्टी सोडून 'घंटा वाजवणारा' केला.

नागमोडी: कंपनी कायदा २०१३च्या कलम १७७मध्ये या यंत्रणेचं नाव 'व्हिजिल मेकॅनिझम' आहे. व्हिजिल म्हणजे जागरण. 'जागल्या' कायद्याच्या जवळच आहे की.

देवनागर: मग निनावी पत्र पाठवणाराही जागल्या का? तो तर खबऱ्या.

टाचणी: निनावी आणि गुप्त यांत फरक करा. अभियंता सत्येंद्र दुबे यांनी महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ला गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर २००४च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाकडे गुप्त तक्रारीची सोय झाली. बंद पाकिटावर 'पीआयडीपीआय' (त्या ठरावाच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) लिहायचं, पत्ता आयोगाच्या सचिवांचा. स्वतःचं नाव-पत्ता पाकिटावर नाही, आत. निनावी असेल तर या ठरावाखाली घेत नाहीत. पोचपावती मिळत नाही, आणि मजकुरातून लिहिणारा ओळखू येणार नाही याची काळजी त्यानेच घ्यायची. नेमका तिथेच घोळ होतो: 'मी मागच्या आठवड्यात साहेबांना हे सांगितलं होतं' या एका वाक्यात ओळख फुटते.

पाणवठा: हे केंद्र सरकार, सरकारी बँका आणि केंद्राच्या उपक्रमांपुरतं. खासगी कारखान्याला लागू नाही. आणि २०१४चा व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा संमत होऊनही अंमलात आणलेला नाही.

टाचणी: बरोबर. म्हणून खासगीत कलम १७७चाच आधार, तोही शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँकांचं ५० कोटींवर कर्ज असलेल्या कंपन्या यांनाच. अपवादात्मक प्रसंगी थेट कंपनीच्या लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाता येतं. मसुद्यात तो पत्ता आहे का? सगळे अर्ज मनुष्यबळ विभागामार्फत जाणार असतील तर कुणी लिहिणार नाही.

शाईदौत: पत्ता नाही, विचारते. पण शब्द राहिलाच.

कोरडवाहू: शेतावर 'जागलीला जाणे' अजून म्हणतात, आणि तिथे जात-वतन नाही, ज्याचं पीक तो जागतो. 'जागल धोरण' करा.

पाणवठा: आणि सांगणारी बाई असेल तर तिला काय म्हणायचं?

देवनागर: 'प्रकटक'ला ती अडचण नाही.