निऑन जाकीट घालूनही ‘दिसलाच नाहीत’, आता आणखी काय करू?

पायडलपुराण (धागाकर्ता)
ऑफिसला रोज सायकलने जातो, एका बाजूचे नऊ किलोमीटर. परतताना हल्ली अंधार पडतो. गेल्या आठवड्यात गल्लीतून बाहेर पडणारी गाडी थेट माझ्या पुढ्यात आली. पडलो नाही, पण घरी पोचेपर्यंत हात थरथरत होते. गाडीवाले काका काच खाली करून म्हणतात, "अहो, तुम्ही दिसलाच नाहीत!" अंगात भडक पोपटी जाकीट होतं हो! मागे छोटा लाल दिवा आहे. पुढे नाही, कारण रस्त्यावर दिवे असतात आणि मला नीट दिसतं. खिसा बेताचा आहे. आधी काय घेऊ?

कातरवेळ
घोळ तुमच्या ‘मला नीट दिसतं’मध्येच आहे. शहरात पुढचा दिवा लावायचा तो आपण दिसावं म्हणून. गल्लीतून निघणाऱ्याला तुमची पुढची बाजू दिसते, मागच्या लाल दिव्याचा त्याला काय उपयोग?

जाकिटाचं म्हणाल तर निऑन रंग उन्हातले अतिनील किरण शोषून त्यांचा दिसणारा प्रकाश करतो, म्हणून दिवसा तो पेटल्यासारखा वाटतो. ऊन गेलं की ती जादू संपली. रात्री चमकतात त्या जाकिटावरच्या राखाडी पट्ट्या, आणि त्या प्रकाश जिकडून आला तिकडेच परत धाडतात. म्हणजे हेडलाइट अंगावर पडला तरच. गल्लीच्या तोंडाशी आडव्या उभ्या गाडीचा झोत तुमच्यावर पडतच नाही. तेव्हा आधी पुढचा पांढरा दिवा, बाकी सगळं नंतर.

फुकटचा_घाम
कातरवेळ यांच्याशी सहमत. भर घालतो: दिवा दिवसाही चालू ठेवा. डेन्मार्कमधल्या ओडेन्समध्ये २००४-०५ साली वर्षभर प्रयोग झाला होता. ३,८०० हून अधिक सायकलस्वार, त्यातल्या निम्म्यांच्या सायकलींवर चाकातल्या चुंबकावर चालणारे, कायम चालू राहणारे दिवे. त्यांचे अपघात इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी भरले. (अपघात लोकांनी स्वतःच कळवायचे होते, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ मानू नका.)

स्वस्तातली दुसरी गोष्ट म्हणजे घोट्याला बांधायचे परावर्तक पट्टे. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे मोजके ठिपके हलताना दिसले तरी बघणाऱ्याला ‘हा माणूस आहे’ हे क्षणात कळतं. पाठीवरची स्थिर पट्टी एखाद्या पाटीचीही असू शकते, पण वरखाली होणारे दोन घोटे सायकलवाल्याचेच. शिवाय खाली वळवलेला हेडलाइट आधी पायांवरच पडतो.

चार_चाकं_दोन_चाकं
मी दोन्ही चालवतो, म्हणून त्या काकांची थोडी बाजू घेतो. मारू नका. गाडीच्या पुढच्या काचेच्या कडेचा खांब पूर्ण सायकल झाकतो. तुम्ही आणि गाडी एकाच बिंदूकडे आपापल्या ठरावीक वेगाने येत असलात, तर चालकाच्या नजरेत तुमचा कोन बदलतच नाही. म्हणजे खांबाआड गेलात की आदळेपर्यंत आडच. यावर दिव्याचा इलाज नाही. गल्ली दिसली की पायडल थांबवा, रस्त्याची कड सोडून थोडं आत या, आणि चालकाच्या चेहऱ्यापेक्षा गाडीच्या पुढच्या चाकावर लक्ष ठेवा. तोंड तुमच्याकडे असेल, पण मन फोनमध्ये. चाक खोटं बोलत नाही.

आणि वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूने कधीही घुसू नका. दिवाळीसारखे उजळून गेलात तरी तिथे ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही.

पायडलपुराण
पुढचा दिवा आजच बघतो. लुकलुकणारा घेऊ की स्थिर?

कातरवेळ
यावरून लोकांची भांडणं होतात. जर्मनीत सायकलवर लुकलुकणारा दिवा चालतच नाही. लुकलुकता दिवा लक्ष चटकन वेधतो, पण तो किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. मी रात्री स्थिर ठेवतो, दिवसा लुकलुकता. तोंड मात्र किंचित खाली हवं. समोरच्याचे डोळे दिपवून आपण सुरक्षित होत नाही.

फुकटचा_घाम
अवांतर: मागचा दिवा नक्की कुठे लावलाय? एकदा कुणाला तरी वीस-पंचवीस पावलं मागून फोटो काढायला सांगा.

पायडलपुराण
आत्ताच बहिणीकडून काढून घेतला. सीटखालचा दिवा बॅगेच्या लोंबणाऱ्या पट्ट्याआड पूर्ण गायब! वर्षभर हा दिवा मी कुणासाठी चार्ज करत होतो देव जाणे. बॅग आता कॅरियरला बांधतो आणि दिवा तिच्या मागे.