जिप्सीला घरी हेडर बसवताना गंजलेल्या स्टडचे काय करावे?

प्रश्न: माझ्या जुन्या मारुती जिप्सीला घरीच हेडर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या खास नळ्या) बसवायचे आहेत, परंतु मॅनिफोल्डचे (इंजिनला जोडलेल्या मूळ धूर-नळीचे) गंजलेले स्टड (नट बसवायचे आटेदार दांडे) तुटतील अशी धास्ती वाटते. कोणती काळजी घ्यावी?

प्रतिसाद १: इंजिन थंड असताना स्टडवर गंज सोडवणारे तेल मारून ते रात्रभर मुरू द्यावे आणि नट अडल्यास, जोर न लावता, थोडा पुढे-मागे फिरवत सोडवावा. गॅस्केट (जोडातली गळती रोखणारा पातळ थर) नवेच घ्यावे. नट मधून कडेकडे टप्प्याटप्प्याने आवळावेत.

प्रतिसाद २: आपल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असेल, तर त्याच्या अलीकडे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, गळती राहू देऊ नका, बाहेरची हवा आत ओढली गेल्यास सेन्सरला हवा-इंधनाचे मिश्रण विरळ (इंधन कमी) भासते आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) विनाकारण इंधन वाढवतो.

प्रतिसाद ३: नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नये, स्टँड लावावेत.