मदत हवी आहे: आजोबांच्या दुकानाच्या मोडी लिपीतल्या वह्या

आजोबांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या किराणा दुकानाच्या वह्यांमधून पुस्तिका काढायची आहे. लाल कापडी बांधणीच्या चार वह्या, १९५४ ते १९६१. डावीकडे जमा (आलेलं), उजवीकडे नावे (दिलेलं), मजकूर मोडीत.

दोन ठिकाणी अडलंय.

ओलीने दहा-बारा पानं चिकटलीत. ओढली तर शाई समोरच्या पानावर उठते, उन्हात कागद तडकतो. सध्या टीपकागद घालून पंख्याखाली ठेवलीत. पुढे काय करावं?

दुसरं, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आल्यानंतरही उधारी आण्यांतच आहे, बेरीज मात्र नव्या पैशांत. आणा म्हणजे सव्वासहा पैसे, म्हणून एखाद्या पैशाचा फरक समजतो. पण ‘गूळ ऽ॥’ हे अर्धा शेर की अर्धा मण? चाळीसपट फरक पडतो हो!

मोडी वाचणारं कुणी आहे का?