रविवारचे विज्ञानकथाकार

वर्महोल_वडगावकर:
कालपासून एक पोस्ट सगळ्या साहित्यगटांतून फिरतेय. सारांश असा: रविवारी लिहिणाऱ्या नोकरदारांनी मराठी विज्ञानकथा खुरटवली, नोकरीला लाथ मारून कथा लिहिणारा एक तरी दाखवा. खाली टाळ्या आणि बदाम. गप्प बसणार होतो, पण झोपच लागेना.

साहेब, लाथ मारायची तर दुसरा पाय टेकायचा कुठे? आमची बाजारपेठ म्हणजे दिवाळी अंक. वर्षातून एक हंगाम. गेल्या मोठ्या कथेचे हजार रुपये मिळाले, तेही शिमगा उलटून गेल्यावर आणि संपादकांच्या मागे लागल्यावर. दुसऱ्या अंकाने लेखकप्रतीसोबत ‘स्नेह आहेच, तो वाढावा’ अशी चिठ्ठी पाठवली.

बरं, मेहनत कमी म्हणावी तर तसंही नाही. पुण्यातली बायको आणि मंगळावरचा नवरा यांचं फोनवर कडाक्याचं भांडण लिहायचं होतं. आता मंगळावरून संदेश यायला ३ ते २२ मिनिटं लागतात, ग्रह कुठे आहेत त्यावर. तिने ‘तुमच्या आईने’ म्हटलं की त्याचं ‘आईला मध्ये आणू नकोस’ कानावर पडेपर्यंत कुकर होऊन भात निवलेला. अख्खा प्रसंग मोडून नव्याने बांधला, तो ऑफिसातून आल्यावर, रात्री.

आणि जयंत विष्णू नारळीकर? १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, नोकरीलाच होते ना? स्वतःची आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ झाले, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. फावल्या वेळात.

सडेतोड:
ती पोस्ट माझी. नाव घ्यायला लाजू नका.

नारळीकरांचं नाव टाकलं की समोरच्याने हात जोडायचे, ही जुनी युक्ती झाली. त्यांची नोकरीच खगोलशास्त्राची. दिवसा जे डोक्यात घोळायचं तेच रात्री कथेत उतरायचं. तुम्ही दिवसभर विम्याचे दावे तपासता (तुमच्याच जुन्या धाग्यात वाचलंय) आणि रात्री विकिपीडिया उघडता. तुमची तुलना त्यांच्याशी? आणि निरंजन घाटे विसरलात? त्यांनी लेखनावरच आयुष्य काढलं की.

वर्महोल_वडगावकर:
घाट्यांची दीडशेच्या वर पुस्तकं आहेत. त्यांत विज्ञानकथा किती आणि लेख, सदरं, माहितीपर पुस्तकं किती, ते जरा मोजा. नुसत्या कथांवर त्यांचंही भागलं नसतं. आणि विम्याचे दावे तपासणाऱ्याला माणसं खोटं कसं बोलतात ते कळतं, कथेला तेही लागतं.

उसगावची_मावशी:
इथे न्यू जर्सीत राहून सांगते. इंग्रजीतही चित्र फार वेगळं नाही हो. तिथल्या विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने व्यावसायिक म्हणून ठरवलेला किमान दर शब्दाला ८ सेंट. चार हजार शब्दांची कथा म्हणजे ३२० डॉलर. आमच्याकडे त्यात खोलीचं महिन्याचं भाडंही निघत नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई लिहितात, दिवसा दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळतात. त्यात २०२३ च्या फेब्रुवारीत क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथा मासिकाला यंत्राने लिहिलेल्या कथांचा असा पूर आला की त्यांनी काही काळ कथा घेणंच बंद केलं. हाताने लिहिणारे बसले दाराबाहेर.

सडेतोड:
मावशी, ३२० डॉलर म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर. एका कथेचे. आमचे वडगावकर तेवढ्यात कादंबरी लिहून वर पेढे वाटतील.

अर्धवट_पदवीधर:
मानधनाचं सोडा, छापतात कसं ते बघा. (अवांतर आहे, पण राहवत नाही.) माझ्या कथेत पृथ्वीचं वस्तुमान होतं, ६ गुणिले १०²⁴ किलो. अंकात छापून आलं ६ x १०२४. म्हणजे पृथ्वी सहा टनांची, एका थोराड हत्तीएवढी! एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पोस्टकार्ड पाठवून माझी शिकवणी घेतली. विज्ञानकथेतल्या विज्ञानाची ही दशा. अक्षरजुळणी करणाऱ्यांना घातांक म्हणजे काय ते तरी माहीत असतं का?

खिळा_जुळारी:
असतं. बीएस्सी झालोय मी.

गेली कित्येक वर्षं दिवाळी अंकांची पानं लावतोय. तुम्ही युनिकोडात पाठवता, आमचं काम चालतं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडाशी न जुळणाऱ्या जुन्या फॉन्टांत. कन्व्हर्टरमधून गेलं की वरचे घात आणि खालचे आकडे सपाट होतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. ते हाताने दुरुस्त करायचं तर मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचावी लागते. मला पैसे पानावर मिळतात, वाचण्यावर नाही. मुदत ऑगस्टअखेर असते आणि लेखक महाशय नवरात्रात ‘शेवट थोडा बदललाय’ म्हणून नवी फाइल पाठवतात. तेव्हा छापखान्याची गाडी दारात असते. मग चुकतं. वर शिक्षण काढायचं आमचं.

अर्धवट_पदवीधर:
माझी कथा जुलैत दिली होती.

खिळा_जुळारी:
प्रूफ मागितलंत?

अर्धवट_पदवीधर:
प्रूफ द्यायचं काम संपादकांचं! लेखकाने मागायचं म्हणजे खानावळीत गेल्यावर मीठ मागण्यासारखं झालं.

खिळा_जुळारी:
म्हणजे नाही मागितलंत. मागा हो. पीडीएफ फोनवर येते, फुकट.

उसगावची_मावशी:
पदवीधरांचं अगदी खोटं नाही. माझी एक कथा छापली तेव्हा शेवटचा परिच्छेदच गायब. जागा भरली होती, वर पैठणीची जाहिरात यायची होती. मी केवढी रडले. आणि गंमत म्हणजे मैत्रिणी म्हणाल्या, शेवट काय सूचक केलायस!

सडेतोड:
हत्ती, पैठणी, रफार. मूळ मुद्दा कुठे गेला? मी म्हणतोय वेळ दिल्याशिवाय दर्जा येत नाही. दरवर्षी वाचतो म्हणून बोलतोय. यंत्रमानव प्रेमात पडतो, शास्त्रज्ञाची तरुण मुलगी प्रश्न विचारते आणि बाप दोन पानं व्याख्यान देतो. रविवारी दुपारी जेवून लिहिल्यासारखं लिखाण.

वर्महोल_वडगावकर:
व्याख्यानाचं कबूल. व्याख्यान देणारा बाप मलाही नको आहे. पण तो का येतो ते ऐका. संपादक फोन करून सांगतात, ‘आमच्या वाचकाला कळायला हवं, जरा समजावून लिहा.’ अनंत अंतरकरांचं ‘नवल’ मासिक दर महिन्याला निघायचं तेव्हा असल्या अद्भुत कथांचा वाचक तयार होत होता. आता वर्षातून एकदा गाठ पडते, दरवर्षी नव्याने ओळख करून द्यावी लागते. तुमचा राग तिथे काढा.

सडेतोड:
तिथेही काढतो. पण तुम्ही नकार का देत नाही? ‘समजावून लिहिणार नाही’ म्हणायचं. हजार रुपयांसाठी एवढं वाकायचं?

वर्महोल_वडगावकर:
हजारांसाठी कोण वाकतंय! छापून यावी म्हणून वाकतो. तुम्ही कधी कथा पाठवली आहे का कुठे?

सडेतोड:
मी वाचक आहे. अंक विकत घेतो, ३०० ते ४०० रुपये मोजून. तुमच्यातले किती जण एकमेकांचे अंक विकत घेतात, ते एकदा जाहीर करा.

खिळा_जुळारी:
हा प्रश्न मात्र खरा.

वर्महोल_वडगावकर:
ठीक आहे, वाचकराजे. पैसे मोजणाऱ्याला बोलायचा हक्क आहे, मान्य. मग तो पोस्टी पाडून न वापरता संपादकांना पत्र लिहून वापरा: ‘तुमच्या अंकातली विज्ञानकथा मला समजावून सांगू नका.’ आमच्या तक्रारीपेक्षा त्याचा उपयोग होईल.

सडेतोड:
लिहीन. तुमचं नाव घालून लिहीन.

उसगावची_मावशी:
ती मंगळावरच्या भांडणाची कथा कुठे वाचायला मिळेल? इथे अंक येईपर्यंत संक्रांत उजाडते.

वर्महोल_वडगावकर:
छापील संपलाय, मावशी. पीडीएफ फुकट फिरतेय कुठल्याशा गटावर. मला न विचारता.

खिळा_जुळारी:
ती मी लावलेली पानं आहेत. मलाही कोणी विचारलं नाही.